ज्ञानाचे ऋण कशाने फिटते?

मे २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ‘अल्फाफोल्ड ३’वरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गूगल डीपमाइंड आणि आयसोमॉर्फिक लॅब्ज या कंपन्यांतल्या शास्त्रज्ञांचा दावा मोठा होता. प्रथिने, डीएनए, आरएनए आणि लहान रेणू एकमेकांशी कसे जुळतात, याचा त्रिमितीय अंदाज संगणक आता बांधू शकतो, असे ते सांगत होते. निबंधासोबत एक संकेतस्थळही सुरू झाले. जगातल्या कोणत्याही संशोधकाने तिथे जावे, आपल्या प्रथिनाची अक्षरे पेटीत भरावीत आणि थोड्या वेळात आकृती घेऊन जावे. पैसे द्यायचे नव्हते आणि महागड्या यंत्राचीही गरज नव्हती. सुरुवातीला दिवसाला दहाच उत्तरे मिळत, व्यापारी वापराला बंदी होती आणि औषधासाठी नव्याने रचलेला रेणू तिथे टाकता येत नव्हता. शिवाय हे सगळे ज्या कोडवर चालत होते तो कोड निबंधासोबत दिलेलाच नव्हता. हजारावर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्रावर सह्या करून हरकत घेतली. नोव्हेंबरमध्ये कोड प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित मॉडेल मात्र बिगरव्यापारी संशोधनासाठी मागणी करणाऱ्यांनाच द्यायचे ठरले. वादाची धग त्यानंतर कमी झाली, पण त्यातला प्रश्न अजून तसाच आहे. उत्तरे फुकट मिळत असताना ही माणसे कशासाठी भांडत होती? त्यांना काय मिळाले होते आणि काय मिळाले नव्हते?

हा प्रश्न मला धर्मचिंतनाचा वाटतो. ज्याला ज्ञान मिळाले त्याने ते कोणाला आणि कोणत्या रूपात द्यावे, याचा विचार आपल्याकडे ऋणाच्या भाषेत झालेला आहे. तैत्तिरीय संहितेनुसार जन्माला येणारा तीन ऋणे घेऊन येतो : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते. शतपथ ब्राह्मणाने त्यांत माणसांच्या ऋणाची भर घातली. ते दारी आलेल्याला अन्न आणि आसरा देऊन फिटते. या विचारात प्रत्येक ऋणाची फेड वेगळी आहे, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. अतिथीला जेवू घातले म्हणून ऋषींचे ऋण फिटत नाही आणि अध्ययन केले म्हणून दारच्या माणसाला उपाशी परत पाठवण्याची मुभा मिळत नाही. माझे सगळे म्हणणे या भेदावर उभे आहे. क्लाउडवर संगणक उभे करून प्रथिनांच्या अभ्यासाची साधने वेबवरून सर्वांना वापरू देणे ही माणसांच्या ऋणाची फेड आहे, आणि ती केलीच पाहिजे. पण ज्या ज्ञानातून ते साधन घडले त्याचे ऋण एवढ्याने फिटत नाही. त्यासाठी साधन उघडे करून, तपासता येईल, सुधारता येईल आणि पुढे शिकवता येईल अशा रूपात दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते.

पहिली फेड हलकी समजू नये. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. मुख्य अमिनो आम्ले वीस प्रकारची, आणि प्रत्येकाला एक रोमन अक्षर दिलेले. माणसाच्या इन्सुलिनमध्ये दोन साखळ्या असतात, एक २१ अमिनो आम्लांची आणि दुसरी ३० ची. त्यांतली लहान साखळी ‘जी, आय, व्ही, ई, क्यू, सी, सी’ अशी सुरू होते. अशी ओळ पेशीत विशिष्ट घडी घेते आणि बहुतेक प्रथिनांचे काम त्या घडीवर ठरते. अक्षरांचा क्रम वाचणे कालांतराने सोपे झाले, घडी शोधणे मात्र अवघडच राहिले. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनवर काम सुरू केले १९३७ मध्ये, आणि त्याची रचना हाती लागायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. म्हणून २०२० मध्ये ‘कॅस्प’ या स्पर्धेत अल्फाफोल्ड २ ने नुसत्या क्रमावरून प्रयोगाच्या जवळ जाणारे अंदाज बांधून दाखवले, तेव्हा या क्षेत्राचा नूरच पालटला. पुढच्या वर्षी त्याचा कोड खुला झाला. पण तो पूर्णपणे आपल्या यंत्रावर चालवायचा तर अडीच टेराबाइटच्या आसपास प्रथिनक्रमांचे साठे, ताकदवान ग्राफिक्स प्रोसेसर आणि हे सगळे बसवता येणारा जाणकार माणूस हवा. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात जीवशास्त्र विभागाकडे बहुधा यांतले काहीच नसते. कोड खुला असला तरी अशा विभागाला तो बंद असल्यासारखाच.

ही दरी बुजवण्याचे काम वेबवरच्या सर्व्हरांनी केले. जिनिव्हातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये ‘एक्सपॅसी’ हे स्थळ सुरू केले, तेव्हा वेब जेमतेम रांगत होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने ‘रोझेटा’सारखे किचकट सॉफ्टवेअर ‘रोझी’ या सर्व्हरवरून वापरायला दिले. ‘कोलॅबफोल्ड’ने तर अल्फाफोल्डच अशा रूपात आणले की अवाढव्य साठे शोधण्याचे काम दूरच्या सर्व्हरने करायचे, घडीची गणिते गूगलने उपलब्ध करून दिलेल्या यंत्रावर व्हायची आणि वापरणाऱ्याकडे ब्राउझर असला की पुरे. अशा सेवेने कोणाचे नाव, गाव किंवा पद विचारले नाही. जो प्रश्न घेऊन आला त्याला उत्तर मिळाले. अन्न आणि आसरा देताना अतिथीची जात विचारू नये, हा धर्म इथे संगणकाच्या क्षेत्रात पाळला गेला, असे मी निःसंकोच म्हणेन. या सेवा उभ्या करणाऱ्यांना शोधनिबंधातल्या एका ओळीपलीकडे फारसे श्रेय मिळत नाही. साठे ताजे ठेवणे, रांगेतली कामे मार्गी लावणे, बिघडलेले रात्रीतून दुरुस्त करणे हे त्यांचे काम मला कोणत्याही अन्नसत्रातल्या सेवेइतके आदरणीय वाटते.

आता दुसऱ्या ऋणाकडे येऊ. अल्फाफोल्ड शिकले कशावर? १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली, तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या रचना तिथे जमा केल्या आणि २०२३ च्या सुरुवातीला त्यांची संख्या दोन लाखांपुढे गेली. यांतल्या कित्येक रचनांमागे कोणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत आहे : प्रथिन शुद्ध करणे, त्याचे स्फटिक बनतात का याची वाट पाहणे, क्ष-किरणांचे ठिपके मोजणे. यातल्या बहुतेक कामाचा खर्च करदात्यांच्या पैशांतून झाला आणि जमा झालेली प्रत्येक रचना कोणालाही विनामूल्य मिळत राहिली. अल्फाफोल्ड २ शिकले ते या भांडारातल्या दीड लाखाहून अधिक रचनांवर. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले आणि ते योग्यच होते. पण या यशाच्या पायाशी हजारो लोकांनी न विचारता देऊ केलेले ज्ञान आहे. ऋषिऋण म्हणतात ते हेच. ते घेताना कोणी करार केलेला नसतो, कोणी वसुलीला येत नाही, आणि ज्यांचे घेतले त्यांना ते परतही करता येत नाही, कारण त्यांतले कित्येक आज हयात नाहीत. म्हणून त्याची फेड पुढच्या अभ्यासकाला करायची असते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत सत्य, तप, अतिथिसेवा अशा एकेका कर्तव्यासोबत अध्ययन आणि अध्यापन ही जोडी पुन्हा पुन्हा सांगितली आहे, ती याच जाणिवेने. अतिथीची सेवा करायची, आणि तिच्याबरोबर अध्ययन-अध्यापनही चालू ठेवायचे. एकाने दुसऱ्याची सुटका होत नाही.

नुसते उत्तर देणे हे अध्यापन का नव्हे? याचे उत्तर प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या विचारात आहे. सर्व्हरकडून आलेली आकृती वापरणाऱ्याच्या दृष्टीने कोणत्या प्रमाणात मोडते? त्याने ती डोळ्यांनी पाहिलेली नाही, म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. त्याने स्वतः ती तर्काने काढलेली नाही, म्हणजे त्याच्यापुरते अनुमानही नव्हे. त्याने ती कोणाच्या तरी सांगण्यावरून स्वीकारली, म्हणजे ते शब्दप्रमाण. न्यायदर्शनात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि वात्स्यायन या भाष्यकाराने आप्ताची ओळख नेमकी दिली आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. कूळ आणि प्रतिष्ठा यांना इथे जागाच नाही. या कसोटीवर संगणकाने प्रथिन साक्षात जाणलेले नसते. आधी पाहिलेल्या रचनांवरून त्याने अनुमान केलेले असते आणि त्या अनुमानाचा निष्कर्ष आपल्याला शब्दरूपाने मिळतो. अनुमान खरे की खोटे हे व्याप्तीवर, म्हणजे ज्या नियमाच्या आधारे ते केले त्यावर ठरते, आणि व्याप्ती तपासायची तर ती कशावरून बांधली, कुठे लागू पडते आणि कुठे मोडते हे दिसले पाहिजे. कोड, प्रशिक्षणाची पद्धत आणि वापरलेला डेटा झाकलेला असेल तर वापरणाऱ्यासमोर एकच निवड उरते : विश्वास ठेवायचा किंवा नाही ठेवायचा. ज्याच्यापुढे एवढीच निवड आहे तो श्रद्धावान असेल, अभ्यासक नव्हे.

इथे एक मोह होतो. यंत्राला राग-लोभ नाही, स्वार्थ नाही, मग त्याच्या उत्तरात दोष येईल कुठून? मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले त्यामागे असाच विचार होता : वक्ताच नाही, तेव्हा वक्त्याचे दोषही नाहीत. संगणकाच्या उत्तराला नकळत तसाच मान मिळू लागला आहे. पण हे साधन संपूर्णपणे पौरुषेय आहे. कोणत्या रचनांवर शिकवायचे, चूक कशी मोजायची, काय वगळायचे, हे सगळे माणसांनी ठरवलेले आहे. अल्फाफोल्ड आपल्या उत्तरासोबत विश्वासाचा आकडाही देते, आणि हा त्याचा मोठा प्रामाणिकपणा आहे. शंभरपैकी नव्वदच्या वर गुण असलेला भाग गडद निळा, सत्तर ते नव्वद फिका निळा, पन्नास ते सत्तर पिवळा आणि त्याखालचा नारिंगी. घडीचा निश्चित गाभा निळा दिसतो आणि ज्या भागाला स्थिर घडीच नाही तो नारिंगी दोरीसारखा बाहेर लोंबतो. तरीही हा आकडा साधनाने स्वतःविषयी दिलेली साक्ष आहे. नैयायिक म्हणतात की ज्ञानाची सत्यता ज्ञानाच्या बाहेर, त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशात कळते. प्रथिनाच्या बाबतीत ती कृती म्हणजे प्रयोगशाळेतला प्रयोग. निळा रंग पाहून थांबणाऱ्याने साधनाच्या आत्मविश्वासालाच सत्य मानले असे होईल.

सिकलसेलचे उदाहरण घेऊ. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजात हा आजार पिढ्यानुपिढ्या ठाण मांडून आहे. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ मध्ये त्याचे मूळ दाखवले. हिमोग्लोबिनच्या १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढ्या एका अक्षराने माणसाचे आयुष्य वेदनेत जाते. आता कोणी विद्यार्थ्याने निरोगी साखळीची अक्षरे पेटीत टाकली आणि मग सहावे अक्षर बदलून पुन्हा टाकली, तर दोन्ही वेळा घडी जवळजवळ सारखीच येईल. साधन इथे चुकलेले नसते. सिकलसेलमध्ये एकट्या साखळीची घडी फारशी बदलतच नाही. ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. आजार घडीत दिसत नाही, तो रेणूंच्या आपसातल्या वागण्यात दडलेला असतो. एका अक्षराच्या बदलाचा परिणाम सांगण्यासाठी हे साधन बनवलेले नाही, असे त्याच्या कर्त्यांनीही सांगितले आहे. ज्याला साधनाचे अंतरंग कळते तो इथून पुढचा प्रश्न विचारील : दोन रेणू शेजारी ठेवून काय होते, मोजमाप कशाचे करावे? ज्याच्या हाती नुसती आकृती आली तो मात्र हा बदल निरुपद्रवी आहे, अशी भलतीच समजूत घेऊन जाईल. एकाच उत्तरातून एकाला ज्ञान मिळाले आणि दुसऱ्याला भ्रम. दोघांत फरक पडला तो साधन समजण्यामुळे.

साधन झाकलेले असले की तज्ज्ञांचीही तीच गत होते. कॅलिफोर्नियातल्या एका नामांकित प्रयोगशाळेने २००१ मध्ये जिवाणूच्या आवरणातल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षांत तशाच आणखी रचना. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना दिली आणि दोन्हींचा मेळ बसेना. शोध घेतल्यावर कळले की पहिल्या गटाच्या घरगुती प्रोग्रामने आकड्यांच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली होती. त्यामुळे चिन्ह उलटले आणि रेणूचा डावा-उजवा फिरला. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. हा प्रोग्राम नेहमीच्या वापरातल्या, अनेकांच्या नजरेखालून गेलेल्या संचातला नव्हता. त्या शास्त्रज्ञांच्या सचोटीत काही उणे नव्हते आणि त्यांनी चूक उघडपणे कबूलही केली. पण पाच वर्षे दुसरे संशोधक त्या रचनांवर आपली कामे बेतत राहिले. याच्या उलट उदाहरण भारतातले आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन यांनी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये साखळीतल्या दोन कोनांचा एक आलेख मांडला. अणू एकमेकांवर आदळू नयेत तर कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य, हे त्यात एका चौकोनात दिसते. त्यावर कोणाची मालकी नाही आणि त्यामागचे तर्क पदवीच्या विद्यार्थ्याला समजतात. आज प्रसिद्ध होणारी रचना, मग ती प्रयोगातून आलेली असो की संगणकातून, या आलेखावर घासून पाहिली जाते. रामचंद्रन यांनी कोणाला उत्तरे पुरवली नाहीत. त्यांनी सर्वांच्या हाती कसोटी दिली, आणि साठ वर्षांनंतरही ती कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून नाही. हेच रामचंद्रन पुढे भारतीय तर्कपद्धती गणिताच्या भाषेत मांडण्याकडे वळले, हे लक्षात घेतले की त्यांच्या विज्ञानाची आणि प्रमाणविचाराची नाळ किती जवळची होती ते कळते.

ऋणाच्या या भाषेवर एक रास्त आक्षेप आहे आणि तो आधी घेतला पाहिजे. तैत्तिरीय संहितेच्या मूळ वचनात हे ऋण घेऊन जन्मणारा ब्राह्मण आहे. ज्या परंपरेने अध्ययनाला ऋणफेड म्हटले तिनेच अध्ययनाचे दार बहुसंख्यांना बंद ठेवले. ऋषींचे ऋण वर्तुळातल्या वर्तुळात फिरत राहिले. मग अशा परंपरेतून आजच्या खुलेपणाचा आधार शोधावा कशाला? माझे उत्तर असे की या परंपरेतच तिची झडती घेणारेही आहेत, आणि मराठीत ते अग्रभागी आहेत. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेवर टीका केली. तिच्या अठराव्या अध्यायात वेद संपन्न असूनही कृपण आहेत, कारण ते तीनच वर्णांच्या कानी पोचले, अशी तक्रार ते थेट वेदांविषयी करतात. त्यांचे काम कशा स्वरूपाचे होते हेही पाहावे. गीतेचे निष्कर्ष सोप्या बोलीत सांगून ते थांबू शकले असते. त्यांनी पूर्वपक्ष, दृष्टान्त, युक्तिवाद असा सगळा विचारच मराठीत आणला, नऊ हजार ओव्यांत, जेणेकरून ऐकणाऱ्याला स्वतः विचार करता यावा. उत्तर आणि अध्यापन यांतला फरक तो हा. पुढे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिक्षण मात्र वरच्यांच्या पदरात पडते, यावर बोट ठेवले. सर्वांच्या पैशांतून जमलेल्या रचनांवर घडलेले साधन थोड्यांच्या ताब्यात राहते तेव्हा तोच सवाल पुन्हा उभा राहतो. शतपथ ब्राह्मण तर म्हणते की जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी आहे. ऋण सर्वांचे असेल तर ते फेडण्याचा अधिकारही सर्वांचाच असला पाहिजे.

दुसरा आक्षेप पात्रतेचा. अर्धवट समज असलेल्यांच्या हाती अशी साधने गेली की चुकीच्या निष्कर्षांचा पूर येईल, तेव्हा साधन जाणत्यांपाशीच ठेवावे, असे म्हटले जाते. चुका होतील हे मी नाकारत नाही. वरचे सिकलसेलचे उदाहरण त्यासाठीच दिले. पण पात्रता दोन प्रकारची असते, आणि दोन्ही शंकराचार्यांच्याच भाष्यात सापडतात. ब्रह्मजिज्ञासेच्या आरंभी ते विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मुमुक्षुत्व मागतात. ही पात्रता साधनेने येते. पुढे त्याच भाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारतात. ही पात्रता जन्माने ठरते आणि कोणी कितीही झटले तरी येत नाही. विज्ञानात पहिलीच पात्रता मान्य होऊ शकते, आणि ती साधन हाताळल्याशिवाय येत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फोल्डइट’ या खेळात सामान्य माणसे प्रथिनांच्या घड्या जुळवत. माकडांच्या एका विषाणूतल्या विकराची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ चकवत होती. २०११ मध्ये या खेळाडूंनी तीन आठवड्यांत इतका चांगला नमुना दिला की त्यावरून खरी रचना सोडवता आली. यांतल्या बहुतेकांनी जीवरसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. अर्थात त्यांना जी मिळाली ती हाताने वळवता येणारी, चूक झाली की गुण कमी करणारी आकृती होती. त्यांना साधनच मिळाले होते, म्हणून ते शिकले.

तिसरा आक्षेप गंभीर आहे : प्रथिने रचता येतात तर विषेही रचता येतील. ज्ञान दिले आणि त्यातून हिंसा झाली, तर देणारा मोकळा राहतो का? राहत नाही, असेच मला वाटते. पण अटकाव कुठे घालायचा हा विवेकाचा प्रश्न आहे. संगणकात तयार झालेली रचना कोणाला इजा करत नाही. तिला पदार्थाचे रूप द्यायचे तर डीएनए बनवून घ्यावा लागतो, आणि तो बनवणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. मार्च २०२४ मध्ये प्रथिनरचनेच्या क्षेत्रातल्या नव्वदहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर बांधिलकी स्वीकारली, आणि मागणी तपासून पाहणाऱ्या पुरवठादारांकडूनच डीएनए घेण्याचे वचन तिच्यात आहे. विचाराचे कर्म होते त्या उंबरठ्यावर पहारा ठेवणे हा मार्ग मला धर्माला धरून वाटतो. विचारालाच कुलूप लावले तर ते प्रामाणिक विद्यार्थ्याला अडवते. ज्याच्याकडे पैसा आणि यंत्रे आहेत तो दुसरी वाट काढतोच. अल्फाफोल्ड ३ बंद होते तेव्हाही इतर गट त्याच दिशेने कामाला लागले होते, आणि २०२४ संपायच्या आत एमआयटीच्या संशोधकांनी ‘बोल्ट्झ-१’ हे तसेच साधन पूर्ण खुले केले. काही विशिष्ट धोक्यांची माहिती राखून ठेवावी लागेल. पण तो अपवाद आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी राखणाऱ्यावर असावी.

चौथा आक्षेप खर्चाचा. विद्या दिल्याने कमी होत नाही ही आपली जुनी श्रद्धा, पण प्रोसेसरचा वेळ दिल्याने कमी होतो. एकाचे काम चालू असताना दुसरा रांगेत थांबतो, आणि वीज, यंत्रे, माणसे यांना पैसा लागतो. कंपनीने पदरचे कोट्यवधी घातले असतील तर तिने सगळे वाटून का टाकावे? यात तथ्य आहे. कंपनीने साधन वापरून स्वतः शोधलेले औषध तिच्यापाशी ठेवावे. ते तिच्या कष्टाचे आहे. पण ती जेव्हा शोधनिबंध लिहून आपले म्हणणे ज्ञान म्हणून मान्य करा असे सांगते, तेव्हा पडताळण्याची सोयही तिने द्यायला हवी. गुपित ठेवायचे तर ठेवावे, मग त्याला सिद्ध ज्ञानाचा मान मागू नये. आणि सेवेचा खर्च दात्याच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे असते. ‘स्विस-प्रॉट’ हा जगभर वापरला जाणारा प्रथिनांचा साठा १९९६ मध्ये निधीअभावी बंद पडायच्या बेतात होता. त्या संकटातून १९९८ मध्ये स्विस जैवमाहिती संस्था उभी राहिली. शोधनिबंधात ज्यांचे पत्ते छापले आहेत असे कितीतरी सर्व्हर एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती संपताच मुके होतात. ज्या समाजाने शाळा आणि ग्रंथालये सार्वजनिक खर्चाने चालवायला घेतली त्याने संगणनाचा हा भागही घेतला पाहिजे. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये सुरू झाले, पुण्यात सी-डॅक ही संगणन संस्था आहे, तिथल्याच आयसर या विज्ञानसंस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. यंत्रे आहेत, ती जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रश्नांपर्यंत ब्राउझरमधून पोचवणे हे आता धोरणाचे काम आहे.

म्हणून अशी सेवा उभी करणाऱ्याने दोन्ही ऋणे डोळ्यांपुढे ठेवावीत. माणसांच्या ऋणासाठी दार सताड उघडे असावे, साधन कमी वेगाच्या नेटवर चालावे, आणि निकालाच्या पानावर वापरणाऱ्याच्या भाषेत, मराठीतही, हा रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही ते लिहिलेले असावे. ऋषींच्या ऋणासाठी कोणत्या आवृत्तीने, कोणत्या साठ्यावर हे उत्तर काढले याची नोंद उत्तरासोबत द्यावी, कोड उघडा असावा, आणि सगळी व्यवस्था उचलून दुसऱ्या यंत्रावर मांडता येईल अशी असावी, म्हणजे हा सर्व्हर बंद पडला तरी ज्ञान बंद पडणार नाही. यांतली पहिली फेड झाली म्हणजे सगळे झाले, असा समज आज वेगाने पसरतो आहे, कारण उत्तरे खरोखरच सुंदर आणि फुकट आहेत. तो समज मोडला पाहिजे. गडचिरोलीच्या विद्यार्थिनीला सिकलसेलच्या साखळीची आकृती मिळाली, ही चांगली गोष्ट आहे. तिला ती आकृती कशी निघाली हे तपासता आले, तिच्यातली उणीव दाखवता आली आणि सुधारलेले साधन तिने पुढच्या विद्यार्थ्याला शिकवले, तर ज्या हजारोंनी आपल्या रचना न विचारता भांडारात ठेवल्या त्यांच्या कामाची परंपरा पुढे चालू राहील. ऋषिऋणाची फेड याहून वेगळी असू शकत नाही, आणि ती करण्याची सोय प्रत्येकाला मिळणे हे उपकाराचे नव्हे, हक्काचे आहे.